आट्यांची साक्ष

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याची एक कड कापली गेली. तालुक्याचे इस्लापूर मंडळ, आणि त्याच्याबरोबर किनवट व राजुरा हे दोन पुरे तालुके, हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्याला जोडले गेले. उरलेला बोथ आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ मध्ये तेलंगणात आला. तेव्हापासून बोथ तालुका म्हणजे नेमका केवढा, या प्रश्नाला एकच उत्तर उरले नाही. १९५५ चा बोथ इस्लापूरसह आहे, १९५७ चा त्याच्याविना. दोन्ही खरे, दोन्ही सरकारी कागदावरचे. जुन्या तालुक्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला आधी साल सांगावे लागते. जुना लष्करी ट्रक पुन्हा उभा करणाऱ्यालाही पहिल्यांदा सालच सांगायला हवे, आणि बहुतेक जण नेमके तेच सांगत नाहीत. ते ‘ओरिजिनल’ असा एक शब्द टाकून मोकळे होतात. हा शब्द दिसतो तितका साधा नाही. आपल्याकडच्या गाड्यांच्या बाबतीत तर तो परदेशी पुस्तकातून उचलून जसाच्या तसा वापरला, की चुकीची गाडी उभी राहते.

बोथशी ट्रकांचा संबंध केवळ उपमेपुरता नाही. गाव थोडे आत आहे, पण शेजारची इच्चोडा आणि नेरडीगोंडा ज्या रस्त्यावर आहेत, तो जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, आताचा ४४. जुना सात नंबर वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद करत कन्याकुमारीला जाई. जबलपूरला लष्कराचे ट्रक बनत, आणि ते दुरुस्त करणाऱ्या ईएमई या लष्करी यांत्रिकी दलाचे केंद्र सिकंदराबादला. गाडीचे माहेर बोथच्या एका अंगाला आणि तिचा दवाखाना दुसऱ्या अंगाला, असा हा मार्ग आहे. जबलपूरच्याही आधीच्या, महायुद्धातल्या गाड्यांची पिढी मात्र बरीचशी मुंबईच्या बंदरातून आत आली, आणि ‘मूळ’ या शब्दाचा घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याला मिळालेल्या पुष्कळशा गाड्या पूर्ण गाड्या म्हणून आल्याच नाहीत. त्या लाकडी खोक्यांत सुट्या आल्या आणि इथे जोडल्या गेल्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता. फोर्डचीही भारतात जुळणी चाले. युद्ध लागल्यावर ही सगळी व्यवस्था लष्करी मालाला जुंपली गेली. कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांतला फार मोठा वाटा ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ म्हणजे सीएमपी ट्रकांचा. विंडसरचे फोर्ड आणि ओशावाचे जनरल मोटर्स हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण ब्रिटिश लष्कराच्या मागणीनुसार दोघांनी एकाच नमुन्याची गाडी काढली. आखूड नाकाची केबिन सारखीच. तिच्याखाली फोर्डचे २३९ घनइंची व्ही-८ इंजिन किंवा शेव्हरलेचे २१६ घनइंची सहा सिलिंडरचे. केबिनचे ११, १२ आणि १३ असे क्रमांक होते, आणि तेरा नंबरची काच उलटी, म्हणजे वरची कड पुढे झुकलेली, म्हणून ती लांबून ओळखू येते. या गाड्यांच्या रचनेतली मुख्य गोष्ट म्हणजे अदलाबदल. आघाडीवर एक गाडी बंद पडली, तर तिचे भाग काढून दुसरी चालवता यावी, हाच हेतू. खोकी फोडल्यावर कोणता एक्सल कोणत्या चासीखाली गेला, हे त्या दिवशी हाताशी काय होते त्यावर ठरले. पत्रिका पाहून ही लग्ने कोणी लावली नव्हती. पुढे १ मे १९४३ रोजी भारतीय सैन्याचे स्वतंत्र यांत्रिकी दल उभे राहिले. मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी ओव्हरहॉलला आली, की इंजिन एका रांगेत, गिअरबॉक्स दुसऱ्या रांगेत, एक्सल तिसऱ्या रांगेत जाई, आणि बाहेर पडताना प्रत्येक चासीला जे तयार असेल ते बसे. आपल्या गाडीचे इंजिन आपल्यालाच परत मिळावे, ही अपेक्षा खासगी मालकाची असते. लष्कराची ती कधीच नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे, की लष्करी ट्रकच्या बाबतीत ‘कारखान्यातून त्याच गाडीबरोबर निघालेला भाग’ ही मूळ भागाची व्याख्या टिकत नाही. आधी साल ठरवावे. त्या साली हा भाग या गाडीवर होता असे पुराव्याने दाखवता आले, तर तो मूळ. आणि हा पुरावा छापील पार्ट्स लिस्टपेक्षा भाग भागाशी ताडून पाहण्यातून जास्त भक्कम मिळतो.

अशा पुराव्यांत ज्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि जो सर्वांत कमी खोटे बोलतो, तो म्हणजे आटे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेने ६० अंशांचा कोन धरला. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी समान प्रमाण मान्य केले ते नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर. त्यामुळे युद्धकाळातला इंग्लंडचा ट्रक एका कोनात बोलतो आणि अमेरिकेचा दुसऱ्या कोनात. सीएमपीची गंमत अशी, की मागणी ब्रिटिशांची, स्टिअरिंग उजवीकडे, पण आटे अमेरिकी, कारण कारखाने अमेरिकी घराण्यातले. आपल्या गॅरेजात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या जाड आट्याच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे असतात आणि अमेरिकी प्रमाणात १३. तिथे चूक लगेच कळते, नट दोन फेऱ्यांत अडकतो. पण तीन सुतीला दोन्हीकडे १६, पाच सुतीला दोन्हीकडे ११. नट चढतो, घट्टही वाटतो, फक्त आट्यांच्या उतरणी एकमेकींवर पूर्ण टेकत नाहीत. महिनाभर खडखडाट झाला, की तो ढिला पडतो. कारागीर ‘आटे गेले’ म्हणतो आणि मोठा बोल्ट ठोकतो. पानेही असेच फसवे आहेत. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, अमेरिकी पान्यावरचा डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराचा, त्यामुळे ‘अर्ध्या इंचाचा पाना’ म्हटले तर दोन देशांत दोन वेगळी हत्यारे हातात येतात. मिलिमीटरचा आटा दिसला, तर तो हात बहुधा पुढच्या जमान्यातला, जर्मन किंवा जपानी नमुन्याच्या गाड्या आल्यानंतरचा. भारताचा दशमान वजन-मापांचा कायदाही राज्य पुनर्रचनेच्याच १९५६ सालचा आहे, हा योगायोग इथे नोंदवून ठेवण्यासारखा.

बोल्ट बदलतो, हे खरे. पण बोल्ट ज्यात बसतो ते ओतीव भागातले आट्यांचे भोक सहसा बदलत नाही, आणि बदलले तर मोठे केल्याचे दिसते. बोथकडच्या मराठीत तेलुगू, गोंडी, दखनी शब्द सहज येऊन बसतात. शब्द उसने असतात, क्रियापद मात्र मराठी वळणानेच चालते आणि त्यावरून बोलणारा ओळखू येतो. ट्रकमध्ये बोल्ट हा उसना शब्द आणि ओतीव भागातला आटा हे क्रियापद. डायनॅमोचा ब्रॅकेट कितीही जुना दिसो, त्याची भोके ब्लॉकच्या आट्यांशी जुळत नसतील आणि मध्ये वॉशरांची चवड घालून तो बसवला असेल, तर तो दुसऱ्या घरून आला आहे. याउलट एखादा ओबडधोबड, पार्ट्स लिस्टमध्ये न सापडणारा ब्रॅकेट ब्लॉकवर असा चपखल बसतो, की तो त्याच प्रकारच्या गाडीसाठी, मोजमाप घेऊन, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये मुद्दाम केलेला आहे हे स्पष्ट होते. असा भाग फेकून द्यायचा की ठेवायचा, यावर पुस्तकी पंडितांचा आणि माझा रस्ता वेगळा होतो.

आट्यांनंतर येतात खुणा, आणि खुणांवर लोकांचा विश्वास गरजेपेक्षा जास्त आहे. याचे सर्वांत चांगले उदाहरण जीप. तिला ट्रकांच्या लेखात जागा का, असे कोणी विचारील. अमेरिकी लष्कराच्या कागदांत तिचे नावच ‘पाव टनी ट्रक’ असे होते. युद्धात ती दोन कंपन्यांनी बनवली. विलीजची एमबी सुमारे तीन लाख साठ हजार आणि फोर्डची जीपीडब्ल्यू सुमारे दोन लाख ऐंशी हजार. रचना एकच, भाग अदलाबदलीचे, तरी फरक आहेत. विलीजच्या चासीची अगदी पुढची आडवी पट्टी नळीची असते, फोर्डची उलट्या नालीसारखी. विलीजच्या पहिल्या पंचवीसेक हजार गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी फोर्डने आणली आणि ती स्वस्त व हलकी म्हणून विलीजनेही घेतली. १९४४ च्या आसपास तर दोघांच्या गाड्यांवर एकाच कारखान्याची बॉडी बसू लागली. फोर्डला आपला माल ओळखता यावा म्हणून त्याने असंख्य भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, वळणदार ‘एफ’ उमटवला. त्याचा परिणाम आज असा दिसतो, की शौकीन माणूस भंगारातून एफचे बोल्ट वेचतो आणि जीपला वरपासून खालपर्यंत एफने मढवतो. पण एफ म्हणजे हा बोल्ट फोर्डने केला, एवढेच. तो या गाडीवर १९४३ मध्ये बसला की मागच्या रविवारी, हे एफ सांगत नाही. लष्कराच्या डेपोत दोन्ही कंपन्यांचे भाग एकाच कामाचे होते, त्यामुळे थोडीफार सरमिसळ झालेली विलीज ही एफने शंभर टक्के भरलेल्या फोर्डपेक्षा मला जास्त विश्वासार्ह वाटते. अति शुद्धता ही इथे संशयाची जागा आहे.

भारतात आणखी एक फसवा दरवाजा आहे, तो महिंद्राचा. १९४७ पासून मुंबईत विलीजच्या नागरी जीपांची जुळणी सुरू झाली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. युद्धातल्या जीपचे इंजिन १३४ घनइंची. नंतरच्या सीजे-३बीचेही १३४ घनइंचीच, फक्त झडपांची मांडणी बदलून हेड उंच झाले आणि म्हणून बोनेटही उंच झाले. खालचा भाग बराचसा तोच राहिल्याने पुष्कळ सुटे भाग दोन्हीकडे चालतात. म्हणजे ‘बसतो, म्हणजे मूळचा’ हा गॅरेजातला सर्वांत आवडता नियम जीपच्या बाबतीत सपशेल निकामी आहे. जाळीच्या फटी मोजाव्यात, लष्करी नऊ आणि नागरी सात. मागे फाळका उघडतो का पाहावे, कारण लष्करी जीपला तो नव्हता. पण ब्लॉकच्या आत काय आहे, याला फटी मोजून उत्तर मिळत नाही.

ओतकामावरच्या तारखांचेही असेच. जनरल मोटर्सच्या ओतीव भागांवर महिन्याचे अक्षर, दिवसाचा आकडा आणि सालाचा शेवटचा आकडा असतो. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, अशी ओळ. समजा ब्लॉकवर सी, १४ आणि २ दिसले. चौदा मार्च, पण १९४२ की १९५२? एकच आकडा दशक सांगत नाही. ते ब्लॉकच्या घडणीवरून ठरवावे लागते. आणि समजा १९४२ नक्की झाले, तरी काय सिद्ध झाले? गाडीची जुळणी जर त्याआधीची असेल, तर हा ब्लॉक नंतर आला हे पक्के. जुळणी त्यानंतरची असेल, तर तो मूळचा असू शकतो, इतकेच. कॅनडातला ओतभट्टीतला दिवस, मग खोके, मग जहाज, मग शिवडी, यांत महिने जात. तारीख एखाद्या भागाला बाद करू शकते, त्याच्या बाजूने शपथ घेऊ शकत नाही. हा नियम जिथे पाळला जात नाही, तिथे भाव चढतात. सरकारी बाणाच्या खुणेचेही तेच: ब्रिटनचा नुसता बाण, कॅनडाचा इंग्रजी सी अक्षरात बसवलेला, भारताचा आय अक्षराबरोबरचा. बाण मालक सांगतो, प्रवास सांगत नाही. तो आजही लष्करी गाड्यांच्या नंबरपाटीवर उभा असतो आणि त्याच्यामागचे दोन आकडे खरेदीचे साल सांगतात. साल सांगण्याची शिस्त लष्कराने पाळली, शौकिनांनी सोडली.

मग खरा पुरावा कुठून काढायचा? यासाठी मोटारींच्या पुस्तकांपेक्षा पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे पाहिलेले बरे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ मध्ये सुरू झाले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला पद्धत दिली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. सुकथनकरांनी व्यासांचा मूळ शब्द सापडल्याचा दावा केला नाही. हाती असलेल्या पोथ्यांवरून मागे जात जात जिथपर्यंत पोचता येते, तो जुन्यात जुना पाठ त्यांनी दिला, आणि बाकीचे पाठभेद खाली नोंदवले. एखादा श्लोक सुंदर आहे म्हणून तो आत घेतला नाही, आणि सगळीकडे रूढ आहे म्हणूनही नाही. त्यांच्या पद्धतीतला सर्वांत उपयोगी धडा पोथ्यांच्या वंशाचा आहे. पन्नास पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील, तर त्या पन्नास साक्षी नव्हेत, एकच साक्ष. ट्रकांना हे तंतोतंत लागू पडते. पाच सीएमपींवर मागच्या दिव्याचा एकच विचित्र ब्रॅकेट सापडला, म्हणजे तो कारखान्याचा, असे म्हणायची घाई होते. पण त्या पाचही गाड्या एकाच डेपोच्या लिलावातून निघाल्या असतील, तर तो त्या डेपोतल्या वेल्डरचा हात आहे. तीच खूण आसामातल्या, सोलापूरकडच्या आणि गोव्यातल्या गाडीवर, एकमेकींशी संबंध नसताना सापडली, तर गोष्ट वेगळी.

दुसरा धडा दामोदर धर्मानंद कोसंबींचा. गणिताच्या या प्राध्यापकाने प्राचीन आहत नाणी वजनकाट्यावर घातली. नाणे जितके फिरते तितके झिजते, म्हणून झिजेच्या प्रमाणावरून नाण्यांचा क्रम लावता येतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ट्रकच्या भागांची झीज हीदेखील वहीच आहे, आणि ती जोडीने लिहिली जाते. बिजागरीची पिन आणि तिचे घर एकत्र झिजतात. क्लचच्या पेडलवर जितके पोलाद घासले गेले, तितकाच त्याचा खालचा बुश सैल असायला हवा. झिजलेल्या पेडलखाली घट्ट बुश असेल, तर दोघांपैकी एक नवा पाहुणा आहे. ब्रॅकेट काढल्यावर त्याच्याखाली जुन्या रंगाची सावली असते: आजूबाजूला चार थर, खाली फक्त पहिला. ती सावली त्याच ब्रॅकेटच्या आकाराची असेल, तर तो रंगाच्या दुसऱ्या हातापूर्वीच तिथे बसला होता. खूण कोरता येते, तारीख ठोकता येते. पत्र्यावरची पन्नास वर्षांची सावली भागाच्या कडेशी जुळवून खोटी करणे मात्र फार महागात पडते, आणि ती कोणाला दाखवायला मिळत नसल्यामुळे ती खोटी करायचे कोणाला सुचतही नाही. म्हणून रंग खरवडण्याआधी, वाळूचा फवारा मारण्याआधी तपासणी झाली पाहिजे. आपल्याकडे उलट होते: पहिल्या आठवड्यात गाडी पांढरीफटक साफ होते आणि मग पुरावा शोधला जातो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कारखान्याची मॅन्युअल आणि पार्ट्स लिस्ट आजही मिळतात, चित्रांसकट. मग एवढी चिकित्सा कशाला? कारण पार्ट्स लिस्ट ही डेपोला माल मागवता यावा म्हणून केलेली यादी आहे. काय पुरवले जाईल हे ती सांगते. शिवडीत काय बसले, किंवा ओव्हरहॉलमध्ये काय बदलले, हे तिला माहीत असण्याचे कारणच नाही. यादी हाताशी ठेवावी, पण ती एक पोथी म्हणून, संहिता म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. सगळेच अदलाबदलीचे असेल, तर मूळ-बिळ काही नाही. गाडी चालते ना, मग झाले. अहिल्याबाईंनी देवळांचे जीर्णोद्धार केले तेव्हा जुने दगड मोजत कोण बसले होते? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. देऊळ पूजेसाठी असते, आणि ज्याला ट्रक चालवायचाच आहे त्याने खुशाल नवे भाग घालावेत. ब्रेकचे पाइप, टायर, वायरिंग यांत तर जुन्याचा हट्ट धरणे हा शुद्ध अविचार आहे. पण ‘जीर्णोद्धार केला’ असे सांगणे आणि ‘हे १९४३ चे आहे’ असे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे वाक्य हा इतिहासाचा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो. अदलाबदल झाली म्हणून फरक पुसला जात नाही, उलट तो मोजता येतो: युद्धात झालेली अदलाबदल, लष्करी वर्कशॉपातली, लिलावानंतरची आणि कालची, हे चार वेगळे थर आहेत. त्यांना एकाच ‘बदललेले’ या खोक्यात टाकणे म्हणजे सातवाहनांचे आणि पेशव्यांचे नाणे एकाच डब्यात ठेवून दोन्हींना ‘जुने’ म्हणणे.

कायद्यानेही हा प्रश्न अर्धवटच सोडवला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, बिगरव्यावसायिक वापराची दुचाकी-चारचाकी वाहने त्यांत येतात. ती मूळ रूपात असावीत, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. नंबरपाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात. लष्करी गाडीला हे माप बेताचेच बसते. आरटीओच्या वहीत तिचा जन्म लिलावानंतरचा, तिचे पहिले आयुष्य बाणाच्या नंबरखाली गेलेले. आणि मूळ रूप कुठले, हे नियम सांगत नाही. तो ते गृहीत धरतो.

शक्तिमानच्या बाबतीत हा प्रश्न आणखी आपला होतो. जर्मनीच्या मॅन कंपनीशी करार करून १९५९ मध्ये जबलपूरला हा ट्रक निघाला आणि १९९६ पर्यंत निघत राहिला. पन्नाशी ओलांडलेले शक्तिमान आता शौकिनांच्या हाती येऊ लागले आहेत, आणि पहिली चूक सुरू झाली आहे: जर्मन मॅन्युअल मागवून, त्यातल्या चित्राबरहुकूम, जर्मन भाग शोधणे. सुरुवातीच्या गाड्यांत जर्मन माल पुष्कळ होता, पुढे तो कमी होत गेला आणि देशी भाग वाढत गेले. सत्तरच्या दशकातल्या शक्तिमानवर बंगळूरच्या मायकोचा डिझेल पंप काढून स्टुटगार्टचा बॉश बसवणे म्हणजे गाडी मूळ रूपात आणणे नव्हे, तिच्यावर परकी वंशावळ लादणे. त्या गाडीला मूळ काय, हे त्याच साली जबलपूरहून निघालेल्या दहा शक्तिमानांची तुलना करूनच कळेल, आणि अशी तुलना अजून शक्य आहे, कारण गाड्या शिल्लक आहेत. सीएमपीच्या बाबतीत ती वेळ जवळजवळ गेली.

राहिला लष्करानंतरचा थर, ज्याची कोणालाच किंमत नाही. युद्ध संपल्यावर ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांनी देशभर लाकूड, माती, कापूस वाहिला. पेट्रोल परवडेना म्हणून व्ही-८ उतरवून मद्रासच्या सिम्पसनचे पर्किन्स पी-६ डिझेल इंजिन चढवले गेले. त्यासाठी इंजिनाचे आधार कापले, रेडिएटर सरकवला, गिअरचा दांडा वाकवला. पुनर्बांधणी करणारा हे सगळे विद्रूपीकरण समजून काढतो. १९४३ हे साल धरले असेल तर त्याने ते काढावेच. पण काढण्याआधी मोजावे, छायाचित्रे घ्यावीत, आधारांचे तुकडे चिठ्ठी बांधून ठेवावेत, कारण त्या कापाकापीचे मॅन्युअल कुठेच छापलेले नाही. ते फक्त त्या चासीवर लिहिलेले आहे. चासीच्या लांब पट्ट्यांवर दोन प्रकारची भोके दिसतात. कारखान्याची ठोकून पाडलेली असतात, कडा स्वच्छ, आतल्या भिंतीवर पहिल्या रंगाचा हात. नंतरची गॅसने पाडलेली असतात, वेडीवाकडी, आत रंग नाही, नुसता गंज. ती लाकडी हौद्यासाठी पाडली की पाण्याच्या टाकीसाठी, हे त्यांच्यातल्या अंतरावरून काढता येते. ताकद कमी होत नसेल तिथे ती वेल्डिंगने बुजवू नयेत. वरून हौदा बसला की ती कोणाला दिसणारही नाहीत, आणि पुढच्या वेळी हौदा उतरवणाऱ्याला ती मोजता येतील.